अर्धा फेरा जास्त

"बाबा, सवतीला इंजिन बसवायचंय. येता का?" लेकीने फोनवर विचारलं.

"जावईबापूंनी सांगितलंय, की तू आपली परस्पर बोलावतेस?"

"त्यांनीच सांगितलंय. माझ्या मागे उभे राहून खुणा करतायत."

"त्यांना तोंड नाही का?"

"आहे ना. पण तुमच्यापुढे ते उघडत नाही, हे तुम्हालाही माहितेय."

सवत म्हणजे विमान. माणूस बसायचं नव्हे. हातातल्या पेटीवरच्या दोन दांड्या हलवून जमिनीवरून उडवायचं. पण खेळणं म्हणावं, तर तेही नव्हतं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ फूट, आणि लांबी एवढी, की शेडच्या दारातून काढायचं तर आधी पंख सोडवावे लागत. जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर भिंगं घासायची आणि दुकान बंद केलं, की घरामागच्या शेडमध्ये जाऊन लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवायच्या, असं दोन वर्षं चाललं होतं. लेक म्हणायची, "मी तापाने फणफणले होते, तेव्हा यांनी माझ्या कपाळाला जितक्यांदा हात लावला नसेल, तितक्यांदा या बयेच्या पोटावरून फिरवला." तेव्हापासून विमानाचं नाव सवत पडलं ते पडलंच.

लेकीचा बाप जनरेटरचा मिस्त्री. छत्तीस वर्षं त्याने ते उघडले, जोडले आणि चालू करून दिले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत कुणी त्याला साधा टेबलफॅनही उघडायला दिला नव्हता. अशा माणसाला इंजिनाचं बोलावणं आलं म्हणजे त्याने हरखून जायला हवं होतं. मिस्त्री मात्र फोन ठेवून हत्यारांच्या पेटीकडे बघत बसला.

त्याला कारण होतं. नोकरीच्या उतरत्या काळात एका छापखान्याचा जनरेटर त्याने बसवला, आणि खालच्या चार नटांतला एक हाताने लावून ठेवला तो पान्याने आवळायचा राहून गेला. बारा दिवस यंत्र चाललं. तेराव्या दिवशी ते जागचं सरकलं, कडेची जाळी उडाली, आणि जोडीदाराच्या नडगीचे दोन तुकडे झाले. जोडीदाराने कधी शब्द काढला नाही. अजून बाजारात भेटला, की काठी उंचावून रामराम करायचा. मिस्त्रीला वाटे, त्यापेक्षा याने एकदा शिवी द्यावी.

दुधाने तोंड पोळलं, की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून मिस्त्री कुठलाही नट पुरता आवळून झाला, की वर आणखी अर्धा फेरा द्यायचा. लोखंडावर लोखंड असलं, तर अर्ध्या फेऱ्याने काही बिघडत नाही. मनाला तेवढी स्वस्थता मिळते.

शुक्रवारी सकाळी तो हत्यारांची पेटी घेऊन लेकीच्या घरी पोचला.

"या मामा," जावई म्हणाला आणि लगेच शेडकडे वळला. सासऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलायची त्याला सवय नव्हती. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी दोघांच्या बोलण्यात हवापाणी आणि प्रकृती याखेरीज तिसरा विषय नव्हता.

शेडमध्ये विमान दोन गाद्यांवर उताणं पडलं होतं. नाकाचं झाकण काढलेलं. आत उभी लाकडी फळी, बोटाएवढी जाड. त्या फळीवर इंजिन बसायचं होतं. इंजिन बाकावर कापडात गुंडाळून ठेवलेलं. मिस्त्रीने ते उचललं. एका हातात मावेल एवढंच, पण चांगलं जड आणि नीट घडवलेलं. त्याने पंख्याचा दांडा बोटांनी फिरवला, आतल्या दट्ट्याचा दाब बोटांना लागला, आणि त्याच्या तोंडून आपोआप "वा" निघून गेलं.

दारात लेक चहा घेऊन उभी होती. "एवढा मोठा दागिना, आणि नाक कागदाचं. नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

"कागद नाही ते," जावई म्हणाला. "पाच पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेत."

"बरं बाई, पाच थरांचा कागद."

लेक दवाखान्यात जखमा बांधायचं काम करायची. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "एक सांगून ठेवते दोघांना. पंख्याने कापलेलं बोट मी बघितलंय. ते शिवत नाहीत, गोळा करतात." मग मिस्त्रीकडे बघून, "आणि रविवारी इंजिन चालू करताना शेपूट मीच धरणारे. यांना दुसरं कुणी मिळत नाही. तेव्हा जरा बघून बसवा."

ती हसत बोलली. मिस्त्री हसला नाही.

रविवारी परीक्षा होती. एवढं जड विमान लोकांसमोर उडवायचं, तर आधी तपासनीस बाईंकडून कागद मिळवावा लागे, आणि त्या बाई सहा महिन्यांतून एकदाच यायच्या. मागच्या खेपेला सवतीचे पंख तयार नव्हते. ही खेप चुकली, तर आणखी सहा महिने. जावई हे दिवसातून तीनदा सांगायचा, मोठ्याने नाही, आपल्याशीच.

कामाला लागल्यावर पहिला तास मिस्त्रीचा गेला. जावयाने पेट्रोलसाठी काढून ठेवलेली पांढरी मऊ नळी त्याने बोटांत चुरगळली आणि बाजूला टाकली.

"ही कसली?"

"जुन्या विमानाची. त्यात स्पिरिटचं इंधन होतं."

"पेट्रोलमध्ये ही दोन दिवसांत गांडुळासारखी फुगेल. आकाशात इंजिन बंद पडेल, मग बसा खाली शोधत. पिवळी नळी आणा, करवत यंत्राला घालतात ती."

जावई सायकल काढून नळी घेऊन आला. मिस्त्रीने टाकीतली लोंबती नळी मोजून कापली, तिच्या टोकाचं वजन सगळ्या कोपऱ्यांत पोचतं का ते टाकी उलटीपालटी करून बघितलं, पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळलं. जावई शेजारी उभा राहून बघत होता, आणि मिस्त्रीला फार वर्षांनी वाटलं, की आपल्याकडे बघणारं कुणी आहे.

दुसरा तास जावयाचा गेला. इंजिनाची हवा कमी-जास्त करणारी दांडी मिस्त्रीने पोलादी तारेची केली होती, दोन्हीकडे सुबक वळवून, तोंडात बोट घालावं अशी. जावयाने ती हातात घेतली, वळवून बघितली आणि चाचरत म्हणाला, "मामा, लोखंड नको इथे."

"का?"

"ठिणगीचा गडबडगुंडा तारेतून मागे येतो. रेडिओला ऐकू येईनासं होतं. मग विमान माझं ऐकत नाही. इथे प्लॅस्टिकचीच दांडी लागते."

तो बरोबर होता. मिस्त्रीला ते समजलंही. पण छत्तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना शिकवलं, त्याला आपली तार कचऱ्याच्या डब्यात पडताना दिसली आणि तोंडात मारल्यासारखं झालं. आता या पोराला पुन्हा काही विचारायचं नाही, असं त्याने मनात ठरवून टाकलं. सगळं पुढचं त्या ठरवण्यातून झालं.

कारण तिसरा तास इंजिन आवळायचा होता.

चार लांब बोल्ट. इंजिनाच्या पायातून निघून, चार ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांतून, लाकडाच्या फळीपार. फळीमागे टाकीच्या खणात वॉशर आणि नट. नट सैल होऊ नयेत म्हणून मिस्त्रीने बोल्टांच्या आट्यांना निळा चिकट द्राव लावला, नट चढवले, आडवे-तिरपे पाळीपाळीने आवळत आणले. चारही पुरते बसले. मग त्याने प्रत्येकाला अर्धा फेरा जास्त दिला.

तिसऱ्या नटाला बारीक करकर झाली. जनरेटरांच्या धडधडीत मिस्त्रीचे कान निम्मे गेलेले. ती करकर त्याला ऐकू आली नाही, मनगटात जाणवली. लोखंड असं करत नाही. पण लोखंड नाही, तर लाकूड काय करतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. जावई पाठमोरा होता, त्याला विचारता आलं असतं. मिस्त्रीने विचारलं नाही.

शनिवारी दुपारी सवतीला अंगणात आणलं. मागची चाकं भिंतीला टेकवली, शेपटीला दोरी बांधून ती खांबाला बांधली. जावयाने कातडी हातमोजा घालून पंखा फटकन ओढला. एकदा, दोनदा, सातदा. आठव्या खेपेला इंजिन खोकलं आणि पेटलं. शेजारच्या गच्चीवरचे कपडे हलले. लेक कानांवर हात ठेवून ओरडली, "सवत बोलायला लागली हो!"

दहा मिनिटं चाललं. हळू, जोरात, परत हळू. बंद केल्यावर जावई पहिल्यांदा सासऱ्याच्या डोळ्यांत बघून हसला. "मामा, घड्याळासारखं चालतंय."

मिस्त्रीही हसला. मग सवयीने त्याने खणाचं झाकण उघडून हात आत घातला आणि नट चाचपले. एक पक्का. दुसरा पक्का. तिसरा त्याच्या बोटांनी फिरला. पान्याने नाही, नुसत्या बोटांनी.

मनात पाल चुकचुकली. निळा द्राव लावलेला, अर्धा फेरा जास्त दिलेला, आणि नट बोटाने फिरतो?

"काही हवंय का मामा?" जावयाने विचारलं.

"पाना द्या. नवं इंजिन, पहिल्यांदा चाललं की थोडं बसतं."

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर ते सहज तोंडून गेलं. त्याने चारही नट परत आवळले, वर अर्धा फेरा. पान्याला चांगली पकड लागली. पण तासाभराने, चहा पिऊन झाल्यावर, तो एकटाच शेडमध्ये गेला आणि परत हात घातला, तर तिसरा सैल आणि पहिलाही किंचित हलतोय. इंजिन तर चाललंही नव्हतं मध्ये. त्याने परत आवळले. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी परत. दर वेळी नट थोडा पुढे जायचा, पक्का व्हायचा, आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही असा सैल.

जेवताना मिस्त्री भात नुसता चिवडत होता. लेकीने विचारलं, "बाबा, मीठ कमी आहे का?"

"नाही गं. चांगलं झालंय."

"मग तोंड असं का? परीक्षा यांची आहे, तुमची नाही."

जावई पानात बघत म्हणाला, "मामांनी बसवलंय म्हणून मला तरी झोप लागेल आज."

आता काय बोलणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्रीने मूठ झाकली आणि पाणी प्यायला.

रविवारी उजाडताच तो शेडमध्ये गेला. या खेपेला त्याने जावयाची छोटी विजेरी घेतली, दात तपासतात तसा बारीक आरसा घेतला, आणि खणात डोकावून बघितलं. तेव्हा त्याला दिसलं. वॉशर फळीवर टेकलेले नव्हते, फळीत रुतले होते. तिसरा तर काठापर्यंत बुडालेला, आणि त्याच्याभोवती लाकडाचे तंतू फाटून वर आलेले, पेट्रोल-तेलाने काळपट झालेले. म्हणजे नट सैल होत नव्हता. लाकूड मागे सरत होतं. जेवढं आवळावं, तेवढं ते चिरडत होतं, आणि चिरडलेलं लाकूड धरून ठेवत नाही.

त्याने विजेरी विझवली. छापखान्यात आवळायचं राहिलं म्हणून झालं होतं. इथे आवळलं म्हणून होत होतं.

"मामा, निघायचं ना? बाई वेळेच्या पक्क्या आहेत," जावई बाहेरून म्हणाला.

मिस्त्रीने पाना घेतला. चार नट, पाळीपाळीने. ते पक्के झाले, आणि किती वेळ पक्के राहतील, हे त्याला माहीत होतं.

मैदान गावाबाहेर शीतगृहामागे होतं. सपाट, कडेला बारीक खडी, मधोमध गवत कापलेला पट्टा. गाडीत मागच्या बाजूला सवतीचं धड, वर पंख, आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून मिस्त्री. पुढे नवरा-बायको. लेक काहीतरी गुणगुणत होती. मिस्त्रीने तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा खड्डा आला. दुसऱ्यांदा जावई म्हणाला, "मामा, तुमचे उपकार कसे फेडू?" तिसऱ्यांदा मैदान आलं.

उड्डाण आठ मिनिटांचं असतं, तो मनाशी हिशेब करत होता. काल दहा मिनिटं चाललं, तेव्हा एकच नट सैल झाला होता. चारांत एक सुटला, तरी तीन राहतात. आठ मिनिटं निघतील. उतरलं, की सांगू. उतरल्यावर सांगितलं, तर काय बिघडतं?

तपासनीस बाई काटकुळ्या, डोक्यावर मोठी टोपी, चष्मा गळ्यात दोरीला लोंबता. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी सवतीभोवती दोन फेऱ्या घातल्या. पंख हलवून बघितले, रेडिओ दूर नेऊन बघितला, इंजिन झटकन बंद करायचं लाल बटण कुठे आहे ते विचारलं. ते डाव्या पंखाखाली होतं. मग त्यांनी पंख्याचं मूळ दोन्ही हातांनी धरलं आणि इंजिन सगळ्या ताकदीने ओढलं, वर, खाली, बाजूला.

मिस्त्री एक पाऊल मागे सरकला.

इंजिन तसूभर हललं नाही.

"छान बसवलंय," बाई म्हणाल्या. "कुणी?"

"माझ्या मामांनी," जावई म्हणाला. एवढ्या मोठ्याने तो कधी बोलला नव्हता. कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या, विमानं उडवणाऱ्या क्लबच्या चार जणांनी माना वळवल्या. "सासरे माझे. छत्तीस वर्षं इंजिनांत गेली त्यांची."

एकाने हात उंचावून दाद दिली. मिस्त्रीने मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला.

बाईंनी कागदावर खूण केली. "चालू करा. दोन मिनिटं तापवा, मग पूर्ण जोर, मग सोडा."

लेक शेपटीमागे गुडघे टेकून बसली. दोन्ही हातांनी शेपटीचं मूळ घट्ट धरलं, मान कडेला वळवली. जावयाने हातमोजा चढवला. तिसऱ्याच ओढीला इंजिन पेटलं.

आवाजाने सगळं पुसून टाकलं. मिस्त्री पंख्याच्या बाजूला नव्हे, थोडा मागे उभा होता, जिथे उभं राहायचं असतं तिथे. त्याची नजर नाकाच्या झाकणावर होती. झाकण आणि पंख्याच्या मधोमधची टोपी यांच्यामध्ये एक फट असते, नखाएवढी, सगळीकडून सारखी. इंजिन हळू चालताना थरथरतं, तेव्हा ती फट थरथरतेच. काल थरथरत होती. आज वरून रुंद होत होती आणि खालून मिटत होती.

अर्धं मिनिट. तो बघत राहिला. आपल्याला वाटतंय, असं त्याने स्वतःला सांगितलं. म्हाताऱ्याचे डोळे. एक मिनिट. लेकीच्या केसांत वाऱ्याने गवताच्या काड्या भरल्या होत्या, तिने डोळे मिटून घेतले होते, आणि तिचे खांदे विमानाबरोबर हलत होते. पूर्ण जोर दिला, की हा सगळा ओढा त्या चिरडलेल्या फळीवर येणार. पंखा सुटला, तर कुठे जाईल, हे कुणालाच सांगता येत नाही. पुढे जाईल, बाजूला जाईल, किंवा काहीतरी फोडून मागेही येईल.

"जावईबापू!" तो ओरडला.

कुणाला ऐकू गेलं नाही. त्याचं त्यालाही नाही.

बाईंनी दोन बोटं वर केली, म्हणजे दोन मिनिटं झाली. जावयाचा अंगठा पेटीवरच्या दांडीवर गेला.

मिस्त्री चालायला लागला. जावयाने त्याला बघितलं आणि घाबरून हात आडवा धरला, कारण चालत्या पंख्याकडे कुणी जायचं नसतं. मिस्त्री मागून गेला, लेकीच्या खांद्याला घासून, पंखाच्या मागच्या कडेने वाकून, आणि डाव्या पंखाखाली हात घालून त्याने लाल बटण दाबलं.

एकदम एवढी शांतता झाली, की दूर शीतगृहाच्या यंत्राची घरघर ऐकू येऊ लागली.

"मामा! काय केलंत?"

"बंद केलं."

"ते दिसलं. का पण?"

मिस्त्री पंखाखालून बाहेर आला. तो गवतात बसला. "लाकूड आत दबतंय. मी जास्त आवळलं. काल तीनदा आवळलं, सकाळी परत. दर वेळी सैल होतं. सकाळी बघितलं, तर वॉशर आत रुतलेत."

बाई पुढे आल्या. त्यांनी पंख्याचं मूळ धरून परत ओढलं. या वेळी आतून खटक असा आवाज आला आणि सगळं इंजिन पंख्यासकट मान तुकवल्यासारखं खाली झुकलं. बाईंनी हात काढून घेतला. "पाच मिनिटांपूर्वी मी हेच पास केलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही चेहरा उतरला.

जावई विमानाकडे बघत नव्हता. सासऱ्याकडे बघत होता. "कालपासून?"

"काल दुपारपासून."

"काल दुपारी मला सांगितलं असतंत, तर मागून पत्र्याची पट्टी घातली असती. अर्ध्या तासाचं काम होतं, मामा. अर्ध्या तासाचं."

"हो."

"मग का नाही सांगितलंत?"

"विचारायची लाज वाटली."

जावयाने हातमोजा काढून खडीवर आपटला आणि पट्ट्याच्या पार टोकापर्यंत चालत गेला. दोन वर्षांची मेहनत, आणि आता वर आणखी सहा महिन्यांची वाट. तो एकटा तिकडे पाठमोरा उभा होता.

बाईंनी कागदावरची खूण खोडली. "पुढच्या खेपेला या. माझ्या हातात दुसरं काही नाही." मग थोडं थांबून, "इंजिन बसवणाऱ्याच्या रकान्यात काय लिहू?"

"मिस्त्री लिहा," तो म्हणाला. "आणि खाली लिहा, चुकीचं बसवलं."

"तसा रकाना नाही," बाई म्हणाल्या.

लेक अजून शेपटीपाशीच होती. उठून तिने गुडघे झटकले, केसांतल्या काड्या काढल्या. ती जवळ येऊन समोर उभी राहिली.

"बाबा, शेपूट मी धरलं होतं."

"हो गं पोरी."

"तुम्हाला सकाळपासून माहीत होतं. तरी मला धरू दिलंत?"

मिस्त्रीला वाटलं, ती रडेल, ओरडेल, निदान पाठ फिरवेल. तिने यांतलं काहीच केलं नाही. उत्तराची वाट बघत ती तशीच उभी राहिली, आणि तो जमिनीकडे बघत राहिला. शेवटी तिनेच त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं, दवाखान्यात रोग्याला उठवतात तसं.

परतीच्या वाटेवर मिस्त्रीने मनात बस कितीला आहे ते आठवून ठेवलं. पेटी उचलायची आणि जायचं. शिवी न देता काठी उंचावून रामराम करणारा एक माणूस पुरे होता, आता लेक धरून दोन झाले.

पण घरी पोचल्यावर जावयाने गाडी थेट शेडच्या दारात लावली. सवतीला उतरवलं, गाद्यांवर ठेवलं, आणि कपडेही न बदलता तो इंजिन सोडवायला बसला. मिस्त्री पेटी घ्यायला आत आला आणि दारातच थांबला. इंजिन निघालं. मागची फळी उघडी झाली. तिसऱ्या भोकातून एक चीर निघून तिरपी वर गेली होती, थेट फळीच्या काठापर्यंत.

जावयाने त्या चिरेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. चष्म्याच्या भिंगावरचा ओरखडा बघावा तसं.

"बघा," तो म्हणाला. आवाजातला राग गेलेला नव्हता. "इथपर्यंत आली होती."

मिस्त्री जवळ गेला. बघितलं.

"जावईबापू, मी जातो. चुकलो. तोंड दाखवायला जागा ठेवली नाही."

"कुठे जाताय? फळी पूर्ण काढून नवी घालायला लागेल. मला एकट्याला नाक धरून फळी काढता येत नाही."

"मला नका सांगू आता. हा हात बिघडलाय. याला कळत नाही, कुठे थांबायचं."

जावई उठला. त्याने कोपऱ्यातल्या खोक्यातून त्याच पाच थरांच्या लाकडाचे तुकडे काढले, हाताच्या पंजाएवढे. एकाला भोक पाडलं, बोल्ट घातला, वॉशर, नट. शिकंज्यात धरून त्याने पाना सासऱ्यापुढे केला.

"आवळा."

"कशाला?"

"आवळा तर. फुटला, तर फुटला. इथे कुणी शेपूट धरून बसलेलं नाही."

ते लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. मिस्त्रीने पाना घेतला आणि आवळलं, नेहमीसारखं, आणि वर अर्धा फेरा. मनगटात तीच करकर जाणवली.

"ही!" तो म्हणाला. "हीच ती. परवा हेच जाणवलं होतं."

"हे लाकूड तुटतंय. त्याच्या आधी थांबायचं. वॉशरखालचं लाकूड नुसतं चपटं झालं, की बस."

"त्याच्या आधी तर काहीच जाणवत नाही."

"जाणवतं. पाना थोडा जड होतो आणि मग एकदम हलका वाटतो. त्या दोहोंच्या मध्ये."

दुसरा तुकडाही करकरला. तिसऱ्याला मिस्त्री इतका लवकर थांबला, की जावयाने नट बोटाने फिरवून दाखवला. चौथा फुटून दोन झाला आणि एक फाळकं उडून भिंतीला लागलं. दोघंही दचकले. पाचव्या वेळी जावई सासऱ्याच्या मनगटावर आपली दोन बोटं ठेवून उभा राहिला, नाडी बघितल्यासारखा, आणि म्हणाला, "आता. इथे. सोडा." मिस्त्रीचा हात सोडायला तयार नव्हता. त्याने डाव्या हाताने उजवा हात पान्यावरून काढला.

दारात लेक उभी होती. कधीपासून, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"जेवायचंय का, की लाकूडच खाणारात?"

जावयाने सहावा तुकडा शिकंज्यात धरला आणि हात मागे घेतला. मिस्त्रीने पाना लावला. हळू. पाना जड झाला. अजून थोडा. छापखान्यापासूनची सगळी वर्षं त्याला म्हणत होती, की अजून अर्धा, फक्त अर्धा. तो थांबला. पाना बाकावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"झालं?" लेकीने विचारलं.

"माहीत नाही," मिस्त्री म्हणाला.

ती आत आली. बाकाला पाय टेकून तिने बोल्टचं टोक दोन्ही मुठींत धरलं आणि ओढलं. मिस्त्रीने डोळे मिटले. खटक झालं नाही. करकर झाली नाही. नुसता तिच्या दमलेल्या श्वासाचा आवाज.

"अजून जोराने ओढ," तो डोळे न उघडता म्हणाला.